आधी का नाही आणलं? : कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना एका कंडक्टरचं खुलं पत्र

सरकारी दवाखान्यांच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, ड्युटी करणारे सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) साहेब, रेसिडेंट डॉक्टर आणि इंटर्न मुलामुलींनो,

नमस्कार. मी एसटीत कंडक्टर आहे, सातारा जिल्ह्यात. लिहायची सवय नाही, तिकीट मशीनवर बोटं चालतात तेवढीच, त्यामुळं कुठं मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. हे पत्र कुणा एकाला नाही आणि कुठल्या एका दवाखान्यालाही नाही, ज्या दवाखान्यात आमच्यावर हे घडलं त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही कारण नाव लिहिलं की लगेच चौकशी, खुलासा, तुमच्यातल्या त्या पोराला नोटीस, आणि मला ते नकोय. मला फक्त एका वाक्याबद्दल बोलायचंय. "आधी का नाही आणलं?"

हे वाक्य तुम्ही दिवसातनं किती वेळा म्हणत असाल ते तुमचं तुम्हालाच माहीत नसेल. जसं मी "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतो, झोपेत पण म्हणतो असं बायको सांगते.

दोन वर्षांमागं श्रावणात माझे वडील गेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मी त्या रात्री घरी नव्हतो, मुक्कामी गाडीवर होतो, म्हणजे संध्याकाळी शेवटची गाडी घेऊन गावात जायचं, तिथंच शाळेच्या पडवीत नाहीतर देवळात झोपायचं आणि पहाटे पहिली गाडी घेऊन निघायचं. त्या गावात रेंज नाही. घरी आई आणि आबा दोघंच. रात्री साडेअकराच्या सुमारास आबांच्या छातीत जळजळायला लागलं, जेवण जरा जड झालं होतं, आईनं ओवा दिला, मग सोडा पाजला, पाठ चोळली. त्यांना थोडं बरं वाटलं, पडले. पहाटे चारला घामानं गंजीफ्रॉक भिजला. आमच्या वाडीतनं रात्री आठनंतर एक वाहन मिळत नाही, शेजारचा पोरगा उठला, सहाला मोटरसायकलवर मधी आबा, मागं धरायला एकजण असं करून गावातल्या डॉक्टरकडं नेलं, त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले तालुक्याला न्या. आठला ग्रामीण रुग्णालय, तिथं ईसीजी काढला, गोळ्या चावायला दिल्या, १०८ बोलावली, आणि साडेदहाला आई आणि आबा तुमच्या दारात. मीही तेवढ्यात पोचलो, खाकी घालूनच. गेटवरच्या मामांना वाटलं पोलीस आलेत, म्हणून मला आत सोडलं, नाहीतर एका पेशंटमागं एकच नातेवाईक.

आत एक तरुण डॉक्टर होते. डोळे लाल, दाढी वाढलेली, समोर तीन ट्रॉल्या लागलेल्या. त्यांनी आधी बरोबरच विचारलं, "कधीपासून दुखतंय?" आई म्हणाली, रात्रीपासनं. झालं. "रात्रीपासून? मग आत्ता आणताय? आधी का नाही आणलं? घरात ठेवून काय करत होता एवढा वेळ?"

आईनं पदर तोंडाला लावला. ते पुढं विचारत होते, बीपी आहे का, शुगर आहे का, गोळ्या चालूयत का, आधी कुणाला दाखवलं का, काही इंजेक्शन दिलंय का, आणि आई सगळ्याला मान हलवून नाही म्हणत होती. नाही, नाही, नाही. मला नंतर कळलं, आबांची बीपीची गोळी महिनाभर बंद होती, संपली होती आणि आणायची राहिली होती. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं होतं ते तर तिनं सांगितलंच नाही. मी विचारलं, का गं नाही बोललीस? तर म्हणाली, "अजून ओरडले असते रे."

हे मला तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचंय. तुम्ही ओरडलात आणि पुढच्या दोन मिनिटांत तुम्हाला खोटी माहिती मिळाली. त्या इंजेक्शनचं कळलं असतं तर आबा वाचले असते असं मी म्हणत नाही, मला त्यातलं कळत नाही आणि उगाच कुणावर ढकलायचं नाही. पण तुमचं शिक्षण सगळं हिस्टरी, म्हणजे दुखण्याची आधीची माहिती, विचारण्यावर उभं आहे ना? मग ज्या माणसाकडं ती हिस्टरी आहे त्याचंच तोंड पहिल्या मिनिटात बंद करून कसं चालेल. साप चावल्यावर आधी मांत्रिकाकडं नेलं होतं हे लोक का लपवतात, पोरानं शेतातलं औषध पिलंय हे न सांगता "चक्कर आली" म्हणून का आणतात, दारूचं का लपवतात? तुम्हाला वाटतं लोक अडाणी आहेत. काही असतीलही. पण बरेचजण तुमच्या तोंडाला भिऊन खोटं बोलतात, आणि कुठलं औषध पिलंय, किती वाजता पिलंय यावर तर तुमची पुढची सगळी ट्रीटमेंट ठरते.

माझी भाची एमबीबीएसला आहे, तिसऱ्या वर्षाला. घरात हा विषय निघाला की ती तुमची बाजू घेते, आणि घ्यावीच. ती म्हणाली, मामा, टाइम विचारावाच लागतो, हार्ट अटॅकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण बारा तासांच्या आतच द्यायचं असतं आणि जितकं लवकर तितका जास्त उपयोग. बरोबर आहे. पण मग मी म्हणलं, वेळ कळायला "कधी" पुरतं की. "का" कशाला? "कधीपासून दुखतंय" मधनं तुम्हाला आकडा मिळाला होता, आईनं तो दिला होता. "का नाही आणलं" मधनं काय मिळालं? त्याचं उत्तर तरी कुणी केसपेपरवर लिहितं का? त्यासाठी कॉलम आहे का?

त्याच भाचीनं मला अजून एक गोष्ट सांगितली आणि ती ऐकून मी गप्पच झालो. आपल्या देशात क्रिएट नावाची एक मोठी नोंदणी झाली होती, ५० शहरांतली ८९ हॉस्पिटलं, वीस हजारांवर हार्टचे पेशंट, २००८ साली ती लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आली. त्यात दुखायला लागल्यापासून हॉस्पिटलला पोचेपर्यंतचा मधला वेळ निघाला ३६० मिनिटं. सहा तास. म्हणजे निम्म्या लोकांना सहा तासांपेक्षा जास्त लागले, आणि ही सगळी शहरातली हॉस्पिटलं बरं का. म्हणजे आईनं जे केलं ते निम्म्या देशानं केलंय. पित्त समजणं, सोडा देणं, सकाळची वाट बघणं, गाडी शोधणं. हे तुम्हाला पुस्तकातनं माहीत आहे, तुम्ही त्यावर परीक्षा देता. तरी दारात आलेली प्रत्येक बाई तुम्हाला पहिलीच वाटते.

आबा दुपारी तीनला गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, केलं तुम्ही सगळं, मी काचेतनं बघितलंय, छाती दाबताना तुमच्यातल्या एकाचा शर्ट पाठीला चिकटला होता. पण आई आजही रात्री उठून बसते आणि म्हणते, "सोडा दिला नसता तर." दोन वर्षं. तुमचा पेशंट त्या दिवशी गेला, तुमचा कागद बंद झाला. पण त्या टेबलापाशी तुम्ही अजून एक पेशंट तयार करून घरी पाठवलात आणि तिचा केसपेपर कुणी काढला नाही.

आता माझं स्वतःचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा मोठा शहाणा. मीही खेकसतो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी ऑगस्ट २०२२ ला ७५ च्या वरच्यांना फुकट, गर्दी अशी वाढली की गाडीत माझा हात मशीनपर्यंत पोचत नाही. एकदा एका म्हातारीला सुट्ट्या पैशावरनं मी असा बोललो की ती पुढच्या स्टॉपला उतरली आणि चालत निघाली. आरशात दिसत होती लांबपर्यंत. तेव्हा सलग तिसरी डबल ड्युटी होती माझी. म्हणजे मला माहितीये शब्द कुठनं येतो. तो मनातनं येत नाही, पायातनं येतो, दुखणाऱ्या पायातनं.

आणि तुमचे हाल तर आमच्याहून बेकार. त्या दिवशी मी बघितलं, एक डॉक्टर मुलगी जिन्याखाली उभ्यानं वडापाव खात होती आणि खाताखाता फोनवर कुणाला तरी रिपोर्ट सांगत होती. भाची म्हणते १९९२ पासून केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलंय की सलग ड्युटी सहसा दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ४८ तासांच्या वर जाऊ नये, आणि प्रत्यक्षात पोरं छत्तीस छत्तीस तास उभी असतात. तुम्ही संपावर गेलात की लोक शिव्या घालतात, मी घालत नाही, आम्हीही २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत घरी बसलो होतो आणि तेव्हा लोक काय काय बोलले ते अजून आठवतंय. त्यामुळं सरकारनं माणसं भरावीत, ड्युटीचे तास पाळावेत, झोपायला धड खोली द्यावी, यात माझं तुमच्या बाजूनं मत आहे, लिहून घ्या.

मारहाणीचंही तसंच. मार्च २०१७ ला धुळ्यात तुमच्यातल्या एकाला लोकांनी किती मारलं ते टीव्हीवर बघितलंय. कायदा आहे, २०१० चा, तीन वर्षांपर्यंत जेल आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि लागलाच पाहिजे. माझ्याही कॉलरला हात लागलेत. पण गाडीत भांडण कधी होतं ते मी इतक्या वर्षांत शिकलोय ते सांगतो, पटलं तर घ्या.

महाबळेश्वर ते पोलादपूर आंबेनळी घाट आहे. पावसाळ्यात तिथं गाडी बंद पडली, धुकं, दरड येईल अशी भीती, आत पन्नास माणसं. ड्रायव्हर न बोलता बॉनेट उघडून बसला आणि मी बाहेर बिडी ओढत उभा राहिलो तर पंधरा मिनिटांत आत दंगा सुरू होतो, वीस मिनिटांत एखादा खाली उतरून अंगावर येतो. पण त्याच गाडीत मी दारात उभं राहून सांगितलं की पट्टा तुटलाय, डेपोला फोन झालाय, दुसरी गाडी निघाली, तास लागेल, पोरांना पाणी हवं असेल तर माझ्याकडं बाटली आहे, की तीच पन्नास माणसं तासभर गप बसतात. गाडी दोन्ही वेळेला बंदच आहे! मधल्या वेळात काय चाललंय हे माहीत नसणं, तिथनं दंगा पेटतो. आता हे घाटात. तुमच्या काचेबाहेर तर आत कुणाचा बाप असतो, कुणाचं लेकरू असतं, आणि बाहेर फक्त "बाहेर थांबा". किती वेळ थांबा, का थांबा, नंतर आलेला आधी आत कसा गेला? तुमचं ते लाल, पिवळं, हिरवं लावायचं असतं ना, ट्रायएज, ते आम्हाला कुणी सांगितलेलंच नसतं. आम्हाला वाटतं वशिला लागला. एक बोर्ड लावा मराठीत मोठ्या अक्षरात, "जो जास्त सिरीयस तो आधी, नंबर नाही." दोन ओळींचं काम आहे, त्याला टेंडर लागत नाही.

तुम्ही म्हणाल वेळ नाही. मी वेळ मागतच नाहीये. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या दवाखान्यात मणक्याच्या ऑपरेशनच्या पेशंटवर कुणीतरी मोजून बघितलं, २०१२ ला छापून आलं, डॉक्टर कधी कॉटपाशी उभा राहिला, कधी खुर्चीवर बसला, वेळ जवळपास तेवढाच दिला, पण बसला तेव्हा पेशंटला वाटलं हा खूप वेळ थांबला. हे भाचीनं सांगितल्यावर मी हसलो, म्हणलं कॅज्युअल्टीत डॉक्टरला बसायला स्टूल कुठाय? होतं ते एक, त्यावर ऑक्सिजनचा सिलिंडर टेकवला होता.

अजून एक भीती असते, की गोड बोललं तर लोक डोक्यावर बसतील, किरकोळ दुखण्याला पण रोज येतील. यावरही टोरांटोत बघितलंय म्हणे, १९९५ ला लॅन्सेटमध्येच आलं, रस्त्यावर राहणारी बेघर माणसं इमर्जन्सीत यायची, त्यातल्या निम्म्यांजवळ माणूस ठेवला, फक्त आपुलकीनं बोलायला, बाकीच्यांना नेहमीसारखंच. ज्यांच्याशी कुणी बोललं ते पुढच्या महिन्यात एक तृतीयांश कमी वेळा परत आले. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. ज्याला नीट उत्तर मिळालं तो त्याच प्रश्नासाठी परत खिडकीवर कशाला येईल, आमच्या चौकशी खिडकीचंही तेच आहे.

आणि कुठं बाहेरच्या देशात जायचं, आपल्या घाटाखाली महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर आहेत, २०२२ ला पद्मश्री मिळाली. विंचू चावलेली माणसं तडफडून मरायची तेव्हा हा माणूस पेशंटच्या उशाशी बसून राहायचा, काय होतंय ते बघत, टिपत, त्यातनं प्राझोसिनचा उपाय हाती लागला आणि कोकणातली किती लेकरं जगली. तिकडच्या म्हाताऱ्यांना प्राझोसिन म्हणता येत नाही, पण डॉक्टर बसून राहिला हे बरोबर सांगतात.

आता त्या दिवशीच्या एका मुलीबद्दल. इंटर्न होती. दुपारी एकच्या सुमारास ती बाहेर आली आणि आईसमोर उकिडवी बसली, जमिनीवर आई बसली होती ना, तिच्या समोर. म्हणाली, "मावशी, मी डॉक्टर अमुक," नाव सांगितलं तिनं, मी लिहीत नाही पण आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. "आबांचं हृदय फार थकलंय. आम्ही औषधं चालू ठेवलीत. पण मला तुम्हाला खोटं सांगायचं नाही, जास्त आशा नाही." मग आईचा हात धरून गप्प बसली. किती वेळ? अर्धं मिनिट असेल. तेवढ्यात आतनं हाक आली, गेली पळत. जाताना म्हणाली, "मी आतच आहे, त्यांच्याजवळ."

बातमी वाईटच होती, त्या सकाळच्या डॉक्टरनं दिली असती तरी तीच होती. पण आईला त्या दिवसातलं एवढंच चांगलं आठवतं. आबा गेले तेव्हा ती पोरगी त्यांच्याजवळ होती, एकटे नव्हते, असं ती पाहुण्यांना सांगते.

नाव सांगण्यावरनं आठवलं. इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर म्हणून एक डॉक्टर होती, तिलाच कॅन्सर झाला आणि २०१३ ला ती दवाखान्यात पडली तेव्हा तिच्या लक्षात आलं की येणारा जाणारा कुणी आपलं नावच सांगत नाही. तिनं मग त्याचीच मोहीम काढली, "नमस्कार, माझं नाव अमुक" एवढीच. २०१६ ला ती गेली. डॉक्टर स्वतः कॉटवर आडवी झाली तेव्हा तिला हे दिसलं, उभं असताना दिसलं नव्हतं.

अजून एक शब्द. आबा तीन वाजता गेले. तीन वाजून दहा मिनिटांनी एकानं येऊन विचारलं, "बॉडी कुठं न्यायची?" मला माहितीये तुमच्याकडं तोच शब्द आहे, रजिस्टरमधेही तोच असेल, त्या माणसाचं काही चुकलं नाही. पण अडीच वाजता "पेशंटचे नातेवाईक कोण" होतं, सकाळी आबा होते, आणि दहा मिनिटांत बॉडी. आई माझ्याकडं बघायला लागली, तिला कळेना कुणाबद्दल बोलतायत. "वडिलांना कुठं न्यायचं" म्हणलं असतं तरी गाडी तीच लागली असती.

सह्यांचं पण. सकाळी आल्या आल्या आईचे तीन अंगठे घेतले, ती सही करते खरं तर, पण हात थरथरत होता. "काही बरंवाईट झालं तर आम्ही जबाबदार नाही." तुम्हाला घ्यावं लागत असेल, घ्या. पण कागद पुढं करताना तोंडातनं पहिलं वाक्य तेच कशाला? आधी "आम्ही प्रयत्न करतोय" म्हणा, मग म्हणा सही.

भाची सांगते की २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासातच हे आलंय, ॲटकॉम म्हणतात त्याला, पेशंटशी कसं बोलायचं, वाईट बातमी कशी सांगायची, सगळं शिकवतात. मी विचारलं, कुठं शिकवतात? म्हणाली, लेक्चर हॉलमध्ये, कधी आमच्यातलाच एक पेशंट होतो, एक डॉक्टर. मी विचारलं आणि कॅज्युअल्टीत? तर म्हणाली, "कॅज्युअल्टीत आम्ही सिनियरकडं बघून शिकतो." म्हणजे सीएमओ साहेब, हे जरा तुमच्यासाठी. तो सकाळचा पोरगा "का नाही आणलं" हे कुणाकडनं तरी शिकलाय. आमच्यातही नवीन कंडक्टर पहिले पंधरा दिवस जुन्याबरोबर असतो, आणि जुना जसा बोलतो तसाच तो पुढची तीस वर्षं बोलतो.

क्रिएटचा तो आकडा मी आईला सांगितला. म्हणलं, आई, निम्म्या लोकांना सहा तासांच्या वर लागतात, डॉक्टरांनीच मोजलंय, सगळे आधी पित्तच समजतात, तुझी चूक नाही. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग त्यांना हे माहीत हुतं तर ते तसं का म्हणाले?"

याचं उत्तर माझ्याकडं नाही. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वासही नाही, मी तिचा पोरगा, मी असंच म्हणणार. डॉक्टरनं सांगितलं तर ती ऐकेल, डॉक्टरनंच तर सांगितलं होतं. म्हणून तुमच्यापैकी कुणी, कुठल्याही दवाखान्यातला, हार्टचा असो नाहीतर नुकता इंटर्नशिपला लागलेला असो, या पत्राखाली दोन ओळी मराठीत लिहाल का, की सोड्यानं काही झालं नाही म्हणून. खरं असेल तरच लिहा. मी मोबाईलवर अक्षर मोठं करून तिला देईन, चष्मा लावून ती स्वतः वाचते.

आपला,
एक कंडक्टर, सातारा जिल्हा